दिसतं सगळं, दाद कुठे मागायची?

प्रश्न: मी मुंबईत समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. इंटरनेट वापरणाऱ्या ग्रामीण लोकांना समाज कमी न्याय्य वाटतो, असं सांगणारे काही अभ्यास वाचनात आले, विशेषतः चीनमधले. महाराष्ट्रातल्या गावांत हे खरं आहे का? प्रबंधासाठी हा विषय घ्यावा का, आणि घेतला तर त्याच्याकडे कसं जावं?

उत्तर:

विषय जरूर घ्या. मात्र चीनचा निष्कर्ष उचलायचा आणि तो महाराष्ट्रात लागू पडतो का एवढंच बघायचं, असं करू नका. त्यात आपल्याकडची निम्मी गोष्ट सुटते.

मी परळला राहते, पण गेली चोवीस वर्षं माझं काम गावोगाव फिरून मुलाखती घेण्याचं आहे. आधी प्रश्नावली भरून घेणारी होते, मग पथकाची जबाबदारी आली, आता नव्या मुलामुलींना शिकवते. पालघर, नाशिक, सोलापूर आणि रत्नागिरी हे जिल्हे जास्त पायाखालचे. सांगते आहे ते बहुतेक लोकांच्या ओसरीवर बसून ऐकलेलं आहे.

थोडक्यात माझं मत असं. फोन आल्यावर गावातल्या माणसाला अन्याय कळायला लागला, हे मला पटत नाही. अन्याय त्याला आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. फोनमुळे दोन गोष्टी बदलतात. तो स्वतःला कोणाशी ताडून बघतो हे बदलतं, आणि जाब कोणाला विचारायचा हे बदलतं. पहिलीवर अभ्यासकांनी खूप लिहिलंय. दुसऱ्या गोष्टीकडे फारसं कोणी बघत नाही, आणि माझ्या अनुभवात माणूस दुखावतो तो तिथे.

आधी शब्दाचं बघू, कारण शब्द चुकला की पुढचं सगळं चुकतं. फार वर्षांपूर्वी एका प्रश्नावलीत ‘आपला समाज न्याय्य आहे असं तुम्हाला वाटतं का?’ असा प्रश्न होता. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर मी तो एका म्हाताऱ्या बाबांना विचारला. ते म्हणाले, ‘आमची काही केस नाही बाई कोर्टात.’ पुढच्या दोन घरांतही साधारण तेच उत्तर आलं. न्याय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोर्ट येतं, पोलीस पाटील येतो, जातपंचायत येते. आपल्याला जे विचारायचं असतं त्याला त्यांचे वेगळे शब्द आहेत. तोंड बघून देतात. दुजाभाव करतात. आपलं-परकं बघतात. वशिला असेल तर होतं. सोलापूरकडे एका आजींनी मला ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द दिला आणि तेव्हापासून मी तोच धरून आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्याला कोरडा भात. या एका शब्दात तीन गोष्टी येतात: आपण एका पंगतीचे आहोत हे मान्य असणं, शेजारचं पान दिसणं, आणि वाढणारा हात कोणाचा हे माहीत असणं. तुमच्या विषयाचा सगळा सांगाडा मला यात दिसतो. फोनने शेजारचं पान लांबवरचं दाखवायला सुरुवात केली आणि त्याच काळात वाढणारा माणूस नजरेआड गेला.

‘इंटरनेट वापरता का?’ हा प्रश्नही असाच फसवा आहे. ‘छे, मी नाही वापरत, फक्त व्हॉट्सअ‍ॅप बघतो,’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. तेव्हा यूट्यूब बघता का, गावाचा ग्रुप आहे का, स्टेटस ठेवता का, रिचार्ज कोण मारतं, असं सुटं सुटं विचारा.

आता चीनबद्दल. तिथे २००३ पासून रेनमिन विद्यापीठाच्या पुढाकाराने एक देशव्यापी सामाजिक सर्वेक्षण चालतं. एकंदरीत आजचा समाज न्याय्य वाटतो का, असा थेट प्रश्न त्यात असतो आणि उत्तर पाच पायऱ्यांवर द्यायचं असतं. ती माहिती अभ्यासकांना मिळते, त्यामुळे तिथे या विषयावर भरपूर लिहिलं गेलं. इंटरनेट वापरणाऱ्यांना समाज कमी न्याय्य वाटतो असं त्यातले बरेच अभ्यास सांगतात, काहींना उलटंही दिसलंय. पण चीनमध्ये ‘ग्रामीण’ हा शब्द कायद्यातला आहे. १९५८ पासून तिथे कुटुंबनोंदणीची पद्धत आहे, हुकोऊ म्हणतात तिला. गावची नोंद असलेला माणूस शांघायमध्ये पंधरा वर्षं राबला तरी कागदावर गावचाच राहू शकतो, आणि मुलांची शाळा, दवाखान्याच्या सवलती अशा गोष्टी त्या नोंदीवर अडतात. त्याच्या मनातल्या न्याय-अन्यायाला ही एक पक्की चौकट आहे. आपल्याकडे जावळीचा माथाडी कामगार वाशीच्या बाजारात काम करतो आणि त्याचं मत, जमीन, देव आणि भांडणं गावाला असतात. तो ग्रामीण की शहरी, हे कोणताच कागद सांगत नाही. तुमच्या नमुन्यात हा माणूस कुठे बसवणार, हे पहिल्या दिवशी ठरवा.

दुसरी अडचण आकड्यांची. फोनवर जास्त वेळ असणारा माणूस बहुधा तरुण असतो, शिकलेला असतो, शहर बघून आलेला असतो. फोन नसता तरी त्याने प्रश्न विचारलेच असते. एखादा मुलगा पदवीधर झाला, भरतीच्या दोन परीक्षा देऊन बसला, हाताला काम नाही, म्हणून तो दिवसभर फोन बघतो. त्याचा राग नोकरीवरचा आहे, आणि आपण आकडेमोडीत तो फोनच्या खात्यावर लिहितो. एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून ही गुंतागुंत सुटत नाही. त्याच माणसांकडे वर्षभराने परत जाता आलं तर जा. नाही जमलं तर निदान एकाच घरातल्या दोघांना विचारा, एक फोनवाला, एक बिनफोनचा.

ताडून बघण्याबद्दल बोलायचं तर मला वडिलांची गोष्ट सांगावी लागेल. ते संगमेश्वरकडून मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत लागले. गावाला मुंबई कळायची ती त्यांच्यासारख्या चाकरमान्यांच्या तोंडून आणि मनीऑर्डरीच्या पावतीवरून. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्या वर्षी गणपतीला वडील उसने पैसे घेऊन गावी गेले. इस्त्रीची पँट, पोरांना बिस्किटांचे पुडे, देवाला नारळ, सगळं दरवर्षीसारखं. घरात पगार येत नाही हे त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. भावाला वाटत राहिलं की हा तिकडे मजेत आहे आणि मी इथे चिखलात. त्या वर्षी भात लावणीच्या मजुरीवरून दोघांचं वाजलं, आणि त्याची खरी कारणं चुलत्यांना कितीतरी वर्षांनी कळली.

आज साकीनाक्याला एका खोलीत आठ जणांबरोबर राहणारा मुलगा सी-लिंकसमोरचा फोटो स्टेटसला ठेवतो. गावातला त्याचा भाऊ तो बघतो. आई-बापांचं दुखणं-खुपणं मी काढायचं आणि हा समुद्रावर, असं त्याच्या मनात येतं. माणसं तीच, झाकणं तेच, फक्त आता ते वर्षातून एकदा गणपतीला न होता रोज होतं. तेव्हा फोनमुळे गावाला ‘खरं’ दिसायला लागलं, असं गृहीत धरू नका. पुष्कळदा निवडून लावलेलंच पान दिसतं.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये बोगद्याचा दाखला दिला होता, तो तुम्ही वाचला असेल. दोन रांगांत गाड्या अडकल्यात. शेजारची रांग हलली की आधी बरं वाटतं, आता आपलीही हलेल. ती हलतच राहते आणि आपली जागची हलत नाही, तेव्हा माणूस चिडतो, नियम मोडून मध्ये घुसायला बघतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि गावांना शेजारची रांग चोवीस तास दिसायला लागली. सुरुवातीच्या वर्षांत मला खरोखर आशा दिसायची. मुलं यूट्यूबवर स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं बघायची, बायका शिवणकाम शिकायच्या, एक जण शेळीपालनाचे व्हिडिओ बघून शेड बांधत होता. २०१९-२० नंतर तीच मुलं ‘पेपर फुटला’, ‘भरती रखडली’ हे शब्द जास्त वापरायला लागली.

पण श्रीमंतांचं वैभव बघून गाव पेटून उठतं, ही शहरातल्या लोकांची समजूत मला चूक वाटते. जुलै २०२४ मध्ये बीकेसीत अंबानींच्या घरचं लग्न झालं, तेव्हा मी नाशिक जिल्ह्यात एका गावात होते. बायका भाजी निवडता निवडता ते व्हिडिओ बघत होत्या. दागिन्यांवर बोलल्या, नवरीच्या साडीवर बोलल्या, एवढ्या माणसांचं जेवण कसं केलं असेल यावर बोलल्या. यात अन्याय आहे, असं एकीच्याही तोंडून आलं नाही, कारण ती आपली पंगतच नव्हे. त्याच ओट्यावर अर्ध्या तासाने घरकुलाच्या ड यादीचा, म्हणजे सरकारी घर मिळणाऱ्यांच्या यादीचा, विषय निघाला आणि आवाज चढले. मळ्यात पक्कं घर असलेल्याचं नाव यादीत आहे, आणि कुडाच्या घरातल्या विधवेचं नाही. ट्रॅक्टरची लॉटरी कोणाला लागली, पीएम किसानचा हप्ता कोणाचा थांबला, हे सगळं त्यांना फोनवरून कळलं होतं, आणि ती सगळी नावं हाकेच्या अंतरावरची होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या पाहणीत असंच काहीसं दिसलं होतं. बढत्या भराभर मिळत होत्या त्या हवाई दलातले लोक बढत्यांवर जास्त नाराज होते, आणि लष्करी पोलिसांत बढती क्वचितच मिळे, तिथले तितके नव्हते. माणूस बरोबरीच्याशी मोजतो. म्हणून तुमच्या प्रश्नावलीत श्रीमंत-गरीब दरीबद्दल एक प्रश्न ठेवलात तर भावकीबद्दल तीन ठेवा.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसले ते.

२०२३ च्या फेब्रुवारीत जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर होते. रोजगार हमीवर मजगीचं, म्हणजे उतारावर बांध घालून भाताची खाचरं करण्याचं, काम चालू होतं. त्या वर्षी १ जानेवारीपासून बहुतेक कामांवर मोबाइल अ‍ॅपवरून हजेरी सक्तीची झाली होती: दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, ठिकाणाच्या नोंदीसह. पाड्यावर रेंज नाही. रोजगार सेवक फोटो काढून टेकडीवर चढायचा, फोन डोक्यावर धरून इकडून तिकडे फिरायचा. चाळिशीची एक बाई माझ्याशी बोलत होती. दोन दिवसांचा दुसरा फोटो वर गेला नाही आणि ते दोन्ही दिवस तिचा खाडा लागला. ती मला बांधावर घेऊन गेली. खणलेली माती दाखवली, स्वतः रचलेला दगडी बांध दाखवला, त्यावर हात ठेवला. ‘ही माती दिसते ना तुला? मग खाडा कसा?’ मी रोजगार सेवकाकडे बघितलं. तो बिचारा म्हणाला, ‘मी काय करू, फोन घेत नाही.’ तिने विचारलं, ‘फोनाला कोण सांगतं?’

मला उत्तर देता आलं नाही. मी ग्रामपंचायतीत विचारलं, तिथून तालुक्याला बोट दाखवलं गेलं, तालुक्यातून जिल्ह्याला, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एका साध्या सज्जन माणसाने सांगितलं की हे वरून आहे. वरून म्हणजे कुठून, हे त्यालाही सांगता येईना.

पूर्वी काय होतं? मुकादम पैसे खायचा. खोटी हजेरी लावायचा, खरी कापायचा. ते दिवस बरे होते असं मी मुळीच म्हणत नाही. त्या हाताला जात होती, पक्ष होता, बाईमाणसाकडे बघायची नजर होती. पण तो माणूस होता. त्याच्या दारात जाऊन बसता यायचं, बाजारात चार लोकांत त्याला ऐकवता यायचं, त्याच्या आईला सांगता यायचं. दाद लागायचीच असं नव्हे, पण मागायला उंबरठा होता. आता फोनवर ‘प्रलंबित’, ‘अपात्र’, ‘त्रुटी’ असा एक शब्द येतो आणि उंबरठा नसतो. केंद्रावर बसलेला मुलगा फॉर्म भरण्याचे पैसे घेतो, पण नकाराचं कारण त्याला ठाऊक नसतं. अंगठा लागत नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोणी सांगत नाही की शेण, माती, सिमेंटमध्ये आयुष्य गेलं की बोटांच्या रेघा पुसट होतात. तो स्वतःलाच दोष देत घरी जातो.

टॉम टायलर या अमेरिकी अभ्यासकाने शिकागोतल्या लोकांना पोलीस आणि कोर्टाचे अनुभव विचारले होते. निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी आपलं ऐकून घेतलं, नीट वागवलं असं वाटलं तर लोक तो मान्य करतात, हे त्यात दिसलं. हा फरक मी माझ्या वर्गात ‘वाट्याचा न्याय’, म्हणजे काय मिळालं, आणि ‘वागणुकीचा न्याय’, म्हणजे कसं वागवलं, असा सांगते. थेट खात्यात पैसे येऊ लागल्यापासून वाट्याचा न्याय काही बाबतींत नक्की सुधारलाय, मधला दलाल कमी झालाय, लोकही हे मान्य करतात. वागणुकीचा न्याय मात्र हरवला. एकच माणूस एका दमात ‘पैसे आता थेट येतात, चांगलं झालं’ आणि ‘आमचं कोणी ऐकत नाही’ असं बोलतो. तुमच्या पाच पायऱ्यांच्या प्रश्नात या दोन वाक्यांची सरासरी निघून ‘मध्यम’ वर खूण होईल, आणि हाती काहीच लागणार नाही.

आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणत्या दाखल्याला किती दिवस, आणि नाही मिळाला तर अपील कोणाकडे, हे त्यात ठरवून दिलंय. ‘अपील करता येतं हे माहीत आहे का?’ हा एक प्रश्न जरूर घाला. मी ज्यांना विचारलं त्यांतल्या फार थोड्यांना माहीत होतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मी डोळ्यांनी बघितली. रोजगार हमीचे हजेरीपट संकेतस्थळावर गावनिहाय उघडे असतात. एका गावात अकरावीतल्या मुलीने कॉलेजच्या प्रकल्पासाठी ते उघडले. बोरिवलीला वॉचमन असलेल्या तिच्या मामाच्या नावावर तिला बारा दिवसांची हजेरी सापडली. मामा तर तेव्हा मुंबईत! तिने ते पान छापून आणलं आणि तिच्या आजीने ग्रामसभेत वाचायला लावलं. सभेत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. पुढे चौकशी झाली, काही पैसे भरून घेतले गेले. नंतर मी त्या गावातल्या बायकांशी बोलले तेव्हा ‘चोर सगळीकडे असतात, पण धरता येतात’ असा सूर होता. तोच फोन, तीच रोजगार हमी, आणि जव्हारच्या उलटा परिणाम. इथे दिसलेल्या गोष्टीला पुढे बोलायला सभा होती, ओळखीची माणसं होती.

कांद्याचंही असंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे, गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता, दोन रुपयांचा धनादेश मिळाला. त्या धनादेशाचा फोटो महाराष्ट्रभर फिरला. मी त्यानंतर सोलापूरकडे गेले तेव्हा जवळपास प्रत्येक शेतकऱ्याने तो मला स्वतःच्या फोनवर दाखवला, जणू आपल्याच घरची पावती असावी तसा. आपल्या एकट्याचं नशीब खोटं नाही, हे सगळ्यांचं आहे, ही जाणीव त्या फोटोने दिली. ही मोठी गोष्ट आहे. नशिबावर टाकलेलं दुःख तिथे अन्याय या शब्दापर्यंत येतं. पण भाव कळणं आणि भाव मिळणं यांत अंतर असतं. केरळमध्ये १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर मोबाइल आला, तेव्हा मच्छीमारांना समुद्रातूनच भाव कळू लागले, ते होडी दुसऱ्या बंदराला वळवू लागले, आणि रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासात दिसलं की त्यांचा नफा वाढला आणि गिऱ्हाइकालाही मासळी थोडी स्वस्त पडली. होडी वळवता येते. भाड्याचा टेम्पो भरून बाजारात उभा असलेला कांदेवाला दादरच्या भाजीबाजारातला भाव फोनवर बघतो, पण त्याला टेम्पो वळवता येत नाही. बघूनही काही करता न येणं हे न बघण्यापेक्षा जास्त जिव्हारी लागतं, असं मला तिथे वाटलं.

मार्च २०१८ चा लाँग मार्च मुंबईकर विसरणार नाहीत. नाशिकहून पायी निघालेले हजारो शेतकरी, बहुतेक आदिवासी, वनजमिनीचे हक्क मागत आले. सोललेल्या तळपायांचे फोटो फोनवर फिरले आणि ठाण्या-मुलुंडपासून लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. दहावीच्या परीक्षा चालू होत्या म्हणून मोर्चा रात्रीच चालत १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदानात पोचला. पुढच्या वर्षी सुरगाण्याच्या एका पाड्यावर एका काकांनी मला जपून ठेवलेला व्हिडिओ दाखवला. त्यात त्यांचा मोर्चा नव्हता, पाण्याची बाटली पुढे करणारी मुंबईची एक मुलगी होती. जमिनीचा प्रश्न त्यांचा अजून सुटला नव्हता. तरी ‘मुंबईचे लोक वाईट नाहीत’ हे ते दोनदा म्हणाले. समाज न्याय्य वाटणं म्हणजे सरकार न्याय्य वाटणं नव्हे, हे तुमच्या प्रश्नावलीत वेगळं ठेवा.

बायकांबद्दल वेगळं प्रकरणच करावं लागेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातल्या २४.६ टक्के बायकांनी आणि ४८.७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. आता आकडे वाढले असतील, तरी फोन कोणाच्या खिशात असतो हा प्रश्न संपलेला नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिना १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात. मी बायकांना विचारायचे, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? नवऱ्याच्या, मुलाच्या, दिराच्या. एका बाईने सांगितलं की पैसे आल्याचा मेसेज मुलगा वाचतो, मग सून, आणि शेवटी तिला कळतं. तरीही तिला ते पैसे न्यायाचे वाटत होते, कारण ‘माझ्या नावाने’ आलेले ते पहिलेच. ओटीपीचा हा प्रश्न विचारा. घरातली सत्ता त्यातून जितकी कळते तितकी ‘निर्णय कोण घेतं’ विचारून कळत नाही.

जातीबद्दल दोनच प्रसंग सांगते, दोन्ही सर्वांना माहीत असलेले. २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, वाद त्याच्या फोनवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून होता. ज्याच्या हातात फोन येतो त्याच्या हातात स्वतःचा आवाज येतो, आणि तो आवाज काहींना सहन होत नाही. दुसरा १ जुलै २०१८ चा, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती, आणि मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्या पाच जणांच्या समाजाला विचारलंत की फोनमुळे न्याय-अन्यायाबद्दलचं तुमचं मत कसं बदललं, तर ज्यांच्या हातात फोन होता त्यांच्याबद्दल ते बोलतील. फोन न वापरणाऱ्यांवरही त्याचा परिणाम होतो. तुमच्या तक्त्यात मात्र ते ‘इंटरनेट वापरत नाहीत’ या रकान्यात निमूट बसलेले असतील. भटक्या-विमुक्तांची निदान दहा घरं नमुन्यात घ्याच.

मुंबईतूनच सुरुवात करायची तर लालबाग-परळ, घोडपदेवकडे कोकणातल्या गावांच्या मुंबई मंडळांच्या बैठका अजून होतात. गावकीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे तुमच्यासाठी मोठं साधन आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब पूर्वी मानकरी तोंडी सांगायचे आणि माना हलायच्या. आता तिशीतली मुलं ग्रुपवर पावत्यांचे फोटो मागतात. आमच्याच गावात शिमग्याला पालखीचं थेट चित्रण चालू होतं, आणि खालच्या वाडीच्या तोंडाशी पालखी मागे वळलेली मुंबईत सगळ्यांनी बघितली. ती दरवर्षीच तिथून वळायची. आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री लग्न होऊन गेलेल्या एका माहेरवाशिणीने ग्रुपवर विचारलं, आणि गावकीच्या सभेत जिला कधी बसायला जागा नव्हती तिच्या प्रश्नाला ऐंशी जणांपुढे उत्तर द्यावं लागलं. पालखी अजून खाली गेलेली नाही. चर्चा चालू आहे.

ग्रुपमधलं काही वापरणार असाल तर सगळ्यांची परवानगी घ्या आणि गावाचं नाव लिहू नका. भावकीत एका वाक्याने वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं.

जव्हार-मोखाड्याकडे जाणार असाल तर वेळ बघून जा. दिवाळी झाली की पुष्कळ कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघून जातात, आणि पाड्यावर म्हातारी माणसं आणि शेरडं उरतात. होळीला बरेच जण चार दिवस घरी येतात. तेव्हा गेलात तर भट्टीवरचे आणि पाड्यावरचे एकाच घरात भेटतील. पहिले दोन दिवस वही काढू नका. मुक्कामाला ओळखीचं घर लागलं तर कळवा, मी एका ताईंना निरोप देते.